परत येणारा डबा

२४ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टर म्हणाले, नवं वर्ष हे बघतील. पुढच्या मार्चबद्दल काही बोलले नाहीत. मी विचारलं नाही.

'बरं' म्हटलं आणि खाली आले. इस्पितळाच्या दुकानात कालचा पाव निम्म्या दरात होता, तो घेतला. बसथांब्यावर बसून खाल्ला. चव लागत होती! रडू येईल म्हणून जरा थांबले. रडू आलं नाही, बस आली.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी देव्हाऱ्यापुढे अमिदाबुद्धाचं नाव नेहमीपेक्षा जास्त वेळा घेतलं. मागायला गेले तर काय मागायचं तेच सुचेना. उदबत्ती संपली. मग भांडी घासली.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

आज इस्पितळात ओनोदेरा आले. स्टुडिओतले जुने व्यवस्थापक, यांच्याच वयाचे. दारातूनच ओरडले, "काय बारा मिनिटं! अजून आहात?"

शेजारच्या खाटेजवळ बसलेली बाई दचकली. हे हसले. स्टुडिओत सगळे यांना पाठीमागे 'बारा मिनिटं' म्हणतात, तोंडावर म्हणायची हिंमत एकट्या ओनोदेरांची.

सत्तावीस वर्षं झाली यांना इथे येऊन. आले होते सहा आठवड्यांसाठी. अमेरिकेतल्या एका टीव्ही कंपनीने सव्वीस वर्षांच्या पोराला धाडलं होतं — तोक्योत मुलांची कार्टून स्वस्तात काढून मिळतात, ती वेळेवर होतात का बघ म्हणून. ती कंपनी बुडाली, हे राहिले. आमच्या मिझुहारा स्टुडिओने परदेश विभाग काढला तेव्हा यांना ठेवून घेतलं. आधी दुभाषी, मग विभागाचे प्रमुख, शेवटची आठ वर्षं संचालक. भाषा शिकले ती चित्रं काढणाऱ्या पोरांकडून, त्यामुळे शिव्या आधी आल्या, नमस्कार मागून. इथले सिनेमे अमेरिकेत विकायचे हे काम. रात्री तिकडचे फोन, दिवसा इकडची बोलणी. यांच्यामुळे स्टुडिओचं छप्पर गळायचं थांबलं असं ओनोदेराच म्हणतात.

आणि बारा मिनिटं ती मुनाकातांच्या सिनेमातली. आमच्या घरात त्याला 'बोटीचा सिनेमा' म्हणतात. मुनाकातांनी चार वर्षं घालून काढला. ८५ साली यांनी तो अमेरिकेत विकला — तिथल्या मोठ्या थिएटरात लागणारा आमचा पहिलाच! तिकडचे म्हणाले, मधे एक आई किनाऱ्यावर कपड्यांच्या घड्या घालत बसते, बाकी नुसता समुद्र, बारा मिनिटं काही घडतच नाही. पोरं उठून जातील. कापा, नाहीतर परत न्या. मालक म्हणाले, काप. मुनाकातांना कुणी विचारलं नाही. यांनी तिकडे बसून स्वतःच्या हाताने कापली.

मुनाकातांना कळलं ते तिथल्या पहिल्या खेळाला, खुर्चीत बसल्यावर. उठून गेले. परतताना विमानसुद्धा वेगळं घेतलं. त्यानंतर बोलणं नाही. एकोणीस वर्षं.

त्या समुद्राचा निळा रंग मीच भरला होता. लग्नानंतरही स्टुडिओतून कागद घरी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर रंगवायची. हे कुणाला ठाऊक नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

ओनोदेरांनी कागद काढले. "वहिनी, तुम्हीही ऐका. अमेरिकेतला एकजण बोटीचा सिनेमा पुन्हा लावतोय. अख्खा! बारा मिनिटांसकट. यांनीच आजारी पडायच्या आधी जुळवलं सगळं. फक्त मुनाकातासाहेबांच्या संमतीचा शिक्का हवा. तो वर्षअखेरीपर्यंत मिळाला तर होईल, नाहीतर गेलं."

"मागा की त्यांच्याकडे," मी म्हटलं.

"मी मागितला. स्टुडिओचं नाव ऐकून फोन ठेवला त्यांनी."

हे छताकडे बघत होते. म्हणाले, "कियोए जाईल. दरवर्षी माझा भेटीचा डबा जातो त्यांच्याकडे. डब्यांचं सगळं तिलाच ठाऊक."

ओनोदेरा माझ्याकडे वळून म्हणाले, "वा! म्हणजे वर्षअखेरची भेटवस्तू घेतात? मग राग कसला राहिला!"

मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेले. तो भरलेलाच होता.

२७ नोव्हेंबर, शनिवार

इथे लिहून ठेवते. देवापुढे मनातल्या मनात दरवर्षी सांगत आले, कागदावर पहिल्यांदाच.

डबा घेत नाहीत. एकदाही घेतला नाही.

पहिल्या वर्षी, ८५च्या डिसेंबरात, यांनी स्वतः जाऊन सुकी अळंबी निवडून आणली. मी डब्याला कागद लावला, दोरी बांधली, पाठवला. सहाव्या दिवशी टपालवाला तोच डबा घेऊन दारात. दोरीची गाठसुद्धा माझीच. सोबत चार ओळी, बायकी अक्षरात — आमच्या घरी भेटी स्वीकारत नाहीत, क्षमा असावी.

हे ऑफिसात होते. त्या महिन्यात यांना झोप नव्हती, जेवण नव्हतं. संध्याकाळी आल्या आल्या विचारलं, "पोचला?" मी म्हटलं, "पोचला. बाईंचा फोन आला होता, आभार म्हणाल्या." त्या रात्री हे दोन वाट्या भात जेवले.

मग पुढच्या वर्षी काय करणार? डिसेंबरचा दुसरा आठवडा मी घराबाहेर पडायचीच नाही, टपालवाल्याला दारातच गाठायची. परत आलेला डबा आधी देव्हाऱ्यापुढे ठेवायची. टाकणार कसा, खायची वस्तू! मग भातात, सारात घालून मार्चपर्यंत संपवायची. असत्य बोलू नये हे आमच्या मंदिराच्या भिंतीवर लिहिलं आहे. एकोणीस वेळा बोलले. दिल्याघेतल्या भेटींच्या वहीत मात्र मुनाकातांच्या नावापुढे 'पोचली' असा शेरा कधी लिहिला नाही. तिथे कोरं ठेवलंय.

आता शिक्का मागायला मी कुठल्या तोंडाने जाऊ?

२८ नोव्हेंबर, रविवार

हे म्हणाले, "यंदा अळंबी तू निवड. जाड बघ. कडा आत वळलेली. पातळ, पसरलेली नको."

मला काय सांगायचं! दरवर्षी ओगिकुबोच्या बाजारातल्या त्या सुक्या मालाच्या दुकानात हे अर्धा तास एकेक अळंबं बोटाने दाबून बघायचे. दुकानदार म्हणायचा, "साहेब, अळंबी आहेत हो, हिरे नाहीत!" आज एकटी गेले तर त्याने विचारलं, "हिरेवाले साहेब कुठायत?" मी म्हटलं, सर्दी झालीय.

डबा आणून देव्हाऱ्याशेजारी ठेवला. पाठवला नाही.

३० नोव्हेंबर, मंगळवार

मुनाकातांचा नंबर फिरवला. वाजायच्या आत ठेवला. दोनदा.

४ डिसेंबर, शनिवार

गेले.

नेरिमाला, बस बदलून. डबा नेला नाही. नेला तर माझ्यासमोर परत सरकवतील, आणि तेवढं मला बघवणार नाही. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायची आयुष्यातली पहिलीच वेळ. हात कुठे ठेवावेत ते कळेना.

घर जुनं, शेजारी कोबीचं शेत. मुनाकाताबाई, इसोको त्यांचं नाव, ओसरीवर उन्हात मुळे दोरीला बांधत होत्या. त्यांना मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, स्टुडिओतल्या मेजवानीत. बारीक, ताठ, डोळा तिखट.

"गोऱ्याची बायको ना तुम्ही?"

"हो."

"रिकाम्या हाताने आलात. बरं झालं, यंदा टपालाचे पैसे वाचले."

मी खाली गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. यांचा आजार, सिनेमा, शिक्का. आणि शेवटी — "डबे परत येतात हे यांना माहीत नाही. मी कधी सांगितलंच नाही. तुम्ही आभार मानता असं सांगत आले."

वर पाहिलं तर इसोकोबाईंच्या हातात मुळा तसाच.

"आमच्या यांनाही माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"काय माहीत नाही?"

"डबे येतात ते."

मला अर्थच लागेना. त्यांनी मुळा खाली ठेवला.

"त्या वर्षी हे पेन्सिलला हात लावत नव्हते. भिंतीकडे तोंड करून बसायचे. दारात तुमच्या नावाचा डबा दिसला असता तर आणखी वर्षभर बसले असते. म्हणून मीच लिहिलं, मीच पाठवला परत. हे आंघोळीला गेले होते."

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"पहिल्या वर्षी परत पाठवला होता ना! मग दुसऱ्या वर्षी कसा घेणार?"

"उघडूनही नाही पाहिलात?"

"देवाशपथ. मी भांडखोर असेन, चोर नाही."

मग म्हणाल्या, "दर डिसेंबरात हे जेवताना एकदा तरी म्हणतात — त्या गोऱ्याने एक पोस्टकार्डसुद्धा टाकलं नाही. मी खाली मान घालून लोणचं वाढते."

शेतात कुणीतरी कोबी कापत होतं, खटक् खटक् आवाज येत होता. मला लाज वाटायला हवी होती, नाहीतर राग तरी. पायांना मुंग्या आल्या होत्या, तेवढंच कळत होतं.

"त्यांना सांगाल?" मी विचारलं.

"सांगितलं तर घराबाहेर काढतील मला."

"या वयात?"

"तेच तर! मला काढतील, आणि स्वतःला चहासुद्धा करता येत नाही. उपाशी मरतील." हसल्या नाहीत. "जा आता तुम्ही. येतील ते इतक्यात, फिरायला गेलेत. आणि ही मुळ्याची जुडी घ्या. घ्या हो! माझ्या घरून कुणी रिकाम्या हाताने जात नाही."

मी घेतली. वहीत त्यांच्या नावापुढे पहिल्यांदा लिहिलं — मुळे, पाच, आले.

७ डिसेंबर, मंगळवार

हे विचारत होते, "काय म्हणाले मुनाकाता?"

"बघतो म्हणाले."

विसावं असत्य.

९ डिसेंबर, गुरुवार

मुनाकातांचा फोन नाही. ओनोदेरांचा मात्र रोज येतो. आज म्हणाले, "वहिनी, रडलात का तरी त्यांच्यापुढे? रडायचं!" मी म्हटलं, जमलं नाही.

यांचं वजन आणखी दोन किलोने उतरलं. सदरे आत घ्यायला हवेत. कशाला, असं मनात आलं. तरी एक घेतला आत.

१२ डिसेंबर, रविवार

आले.

दुपारी दोनच्या सुमारास. मी यांची नखं कापत होते. दारात जुनी लोकरी टोपी घातलेला म्हातारा, मागे इसोकोबाई. त्यांचे डोळे सुजलेले. म्हणजे सांगितलं असणार! माझ्याकडे बघेनात. मी उठून नमस्कार केला, नखांचा कागद हातात तसाच.

मुनाकाता खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले.

"बारीक झालास," ते म्हणाले.

"तुम्ही म्हातारे झालात," हे म्हणाले.

"मी तेव्हाही म्हाताराच होतो."

हे उठून वाकायला बघत होते. सलाईनची नळी ताणली गेली. मुनाकातांनी पुढे होऊन यांच्या कपाळावर पंजा ठेवला आणि डोकं उशीत परत दाबलं. "पड. वाकलास तेवढं पुरे."

"ती बारा मिनिटं —" यांनी सुरुवात केली.

"आठ."

"अं?"

"आठ मी स्वतःच कापणार होतो. लांबलंच होतं ते. वेळ मिळाला नाही. चार तू जास्तीची कापलीस."

हे हसायला लागले, खोकला आला, मी पाठ चोळली. "मग चार मिनिटांसाठी एकोणीस वर्षं?"

"चार मिनिटांसाठी नव्हे. विचारलं नाहीस म्हणून."

हे म्हणाले, "खरं आहे. विचारायला हवं होतं. चुकलं माझं." साध्या भाषेत, शिव्या न देता. इतक्या वर्षांत यांचं इतकं शुद्ध बोलणं मी ऐकलं नव्हतं.

मुनाकाता खिडकीबाहेर बघत होते. "समुद्र चांगला होता त्यातला," म्हणाले. "निळा बरोबर पडला होता. कुणी भरला होता कोण जाणे."

मी नखं गोळा करत होते.

एवढ्यात यांनी विचारलं, "दरवर्षी डबा पोचायचा ना?"

मुनाकातांनी इसोकोबाईंकडे पाहिलं. त्या स्वतःच्या पिशवीकडे बघत होत्या. मग म्हाताऱ्याने टोपी काढली, डोकं खाजवलं.

"पोचायचा," म्हणाले. "सामन जरा खारट असायचा."

डब्यात काय असतं ते मी इसोकोबाईंना सांगितलंच नव्हतं! त्यांनी कधी उघडलाच नव्हता. म्हाताऱ्याने आपलं ठोकून दिलं, वर्षअखेरीला निम्मं गाव खारवलेला सामन मासाच पाठवतं म्हणून. संपलं, वाटलं.

यांनी डोळे मिटले. झोपले की काय! मग तसेच मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "हिला दरवर्षी सांगतो, कमी मिठाचा घे म्हणून. ऐकत नाही."

"बायका ऐकत नाहीत," मुनाकाता म्हणाले.

"ऐकतात हो," इसोकोबाई म्हणाल्या. "सांगत नाहीत." मग एकदम पिशवी उघडून शिक्का काढला आणि लाल शाईची डबीही. म्हणजे घरूनच ठरवून आले होते. जेवणाच्या फळीवर कागद ठेवून मुनाकातांनी शिक्का मारला.

"वाकडा आला," ते म्हणाले.

"चालेल," हे म्हणाले. "मी सरळ करून विकतो."

जाताना इसोकोबाईंनी माझा हात घट्ट दाबला. त्यांच्या हाताला मुळ्याचा वास येत होता.

कागद ओनोदेरांकडे धाडला. त्यांचा फोनवरच आरडाओरडा! मी म्हटलं, बरं. मग घरी येऊन उदबत्ती लावली. आनंद झाला असं लिहायला हवं. उद्या होईल कदाचित.

१३ डिसेंबर, सोमवार

सामनचं डोक्यातून जात नाही. औषधं जड आहेत, त्यांनी गोंधळ होतो असं नर्स म्हणालीच होती. तसंच असेल. यांना काही आठवत नसेल. बरंच झालं. देवाने राखलं.

आज आठवून आठवून तीनदा हसू आलं.

१७ डिसेंबर, शुक्रवार

डॉक्टर म्हणाले, नव्या वर्षाचे तीन दिवस घरी नेऊ शकता. मग परत आणा.

घर झाडलं. यांची गादी उन्हात घातली.

२० डिसेंबर, सोमवार

यांना विचारलं, घरी आल्यावर काय खाल? काय जाईल तोंडात?

जरा विचार करून म्हणाले, "मुनाकाताकडे यंदा सामन पाठव. कमी मिठाचा."

"आणि अळंबी? आणून ठेवलीत मी."

"ती आपल्यालाच ठेव. भात कर त्यांचा. नेहमी करतेस ना जानेवारीत, तसा."

घरी येऊन डबा उघडला. अळंबी भिजत घातली. अळंब्यांकडे बघत उभी राहिले. एकोणीस वर्षं, जानेवारी ते मार्च, दोन दिवसांआड यांच्या ताटात अळंबी वाढत आले. जाड, कडा आत वळलेली, यांनीच बोटाने दाबून निवडलेली.

एकदाही यांनी विचारलं नाही, ही आली कुठून.

आज रडू आलं.